मोठ्या सिस्टरांची माफी

“सांगितलंय तर करायचं,” असं म्हणत मोठ्या सिस्टर बाह्या दोन घड्या वर सारायच्या आणि कामाला लागायच्या. आमच्या दवाखान्यात हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी ऐकू यायचं. नवीन आलेल्या नर्सला वाटायचं, डॉक्टर मॅडमनी काहीतरी सांगितलं असेल. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. एकदा मी म्हटलं, मॅडम तर आज सकाळपासून आल्याच नाहीत, मग सांगितलं कुणी? त्यांनी नुसतं बोट वर केलं. आमच्या वरच्या मजल्यावर ऑपरेशन थिएटर होतं. मला वाटलं, तिथून निरोप आला असेल. त्यांना देवाचं म्हणायचं होतं, हे कळायला मला पुढं बरेच दिवस लागले.

नांदेडातल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात मी लॅब सांभाळतो. रक्त, लघवी तपासायची, रिपोर्ट लिहायचे, असं काम. मी लोहा तालुक्यातला, आमचं घर बौद्ध. त्या निलंग्याकडच्या ख्रिस्ती घरातल्या. लग्न केलेलं नव्हतं. नर्सांना आपण सगळ्यांनाच सिस्टर म्हणतो, म्हणून ओळखू याव्यात यासाठी या मोठ्या सिस्टर. त्या मला माझ्या नावानं कधी हाक मारत नसत. “लॅबवाले” म्हणत, आणि जिन्यावरून अशी हाक आली की माझा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडं जाई.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याबद्दल आदर असतो आणि त्या आदरात अर्धा वाटा भीतीचा असतो. एकदा कुणी पुढारी पाच-सहा माणसांसह बुटांसकट वॉर्डात घुसला, तेव्हा सिस्टरांनी त्याला शांतपणे सांगितलं, की बूट बाहेर आणि माणसंही बाहेर, तुम्ही एकटे आत. तो काही बोलायच्या आत तिथं झाडत असलेल्या आमच्या गयाबाईनं बुटांसाठी जागा दाखवली. पुढाऱ्यानं निमूटपणे बूट काढले.

प्रत्येक बाळंतपणाआधी त्या लेबर रूमच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून क्षणभर उभ्या राहायच्या. एका बाईच्या नवऱ्यानं विचारलं, काय पुटपुटून राहिल्या सिस्टर? त्या म्हणाल्या, “हजेरी दिली.” त्याला काही उलगडलं नाही, पण बरं वाटलं असावं, कारण पुढच्या खेपेला दुसऱ्या दवाखान्यात न जाता तो बायकोला आमच्याकडंच घेऊन आला आणि दारातच म्हणाला, “सिस्टर, हजेरी द्या.”

तर अशा या सिस्टर. त्यांनी खोटं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी चूक केलेली कुणी पाहिली नव्हती. आता मागं वळून पाहिलं की वाटतं, अडचण तिथंच होती. हे आम्हाला जितकं पक्कं ठाऊक होतं, तितकंच त्यांनाही ठाऊक होतं.

डिसेंबरातली गोष्ट. भोकरकडच्या एका मुलीला मुलगा झाला होता. त्या दिवशी थंडी बरीच होती, म्हणून बाळाला पाळण्यात ठेवण्याआधी पाळणा थोडा गरम करावा, असं सिस्टरांनी ठरवलं. रबरी पिशवीत गरम पाणी भरून ती पाळण्यातल्या दुपट्याखाली ठेवली. पाळणा ऊबदार झाला की पिशवी काढायची आणि मग बाळ निजवायचं, अशी आमच्याकडची रीत. पिशवी ठेवली आणि तेवढ्यात लेबर रूममधून हाक आली. सिस्टर धावत आत गेल्या आणि पाऊण तासानं बाहेर आल्या.

तोवर गयाबाईनं बाळ पाळण्यात ठेवलं होतं. गयाबाई आमच्याकडची मावशी, म्हणजे झाडलोट, बाळांचे कपडे, बाळंतिणींना उठवणं-बसवणं हे सगळं पाहणारी. दुपट्याखाली पिशवी आहे हे तिला ठाऊक नव्हतं. बाळ रडायला लागलं म्हणून आजीनं उचललं, तर त्याच्या टाचेवर फोड आलेला.

तो आरडाओरडा मी खाली लॅबमध्ये ऐकला आणि वर गेलो. आजी गयाबाईला वाटेल ते बोलत होती. डॉक्टर मॅडम आल्या, बाळाला पाहिलं, औषध लावलं. मग त्यांनी विचारलं, हे झालं कसं? मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “मी गयाबाईला सांगितलं होतं, आधी पिशवी काढ, मग बाळ ठेव.”

गयाबाई म्हणाली, “न्हाई सांगितलं सिस्टर.”

“मी सांगितलं नाही, असं कधी झालंय?”

असं खरंच कधी झालं नव्हतं. गयाबाईनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. माझ्याकडंही पाहिलं. मी खाली पाहिलं. त्याच दिवशी मॅडमनी तिला कामावरून काढलं. जाताना तिनं आपला डबा आणि चपला घेतल्या, आणि रोज ज्या पायरीवर बसून जेवायची ती पायरी फडक्यानं पुसून गेली.

पंधराएक दिवसांनी एका जुन्या रिपोर्टची गरज पडली म्हणून मी रजिस्टर उघडलं. आमच्या लॅबमध्ये नमुना कुणी आणला, किती वाजता आणला, रिपोर्ट कुणी नेला, हे सगळं लिहिलेलं असतं. त्या दिवशीच्या पानावर माझ्याच अक्षरात गयाबाईचं नाव होतं. ज्या वेळेला सिस्टर पाळण्यात पिशवी ठेवून लेबर रूममध्ये गेल्या, त्या वेळेला गयाबाई खाली माझ्यासमोर बाकावर रिपोर्टची वाट पाहत बसली होती. मग मला सगळंच आठवलं. रिपोर्टला वेळ लागेल म्हणून मी तिला बसायला सांगितलं होतं. ती थंडीनं हात चोळत होती. ती वर गेली तेव्हा सिस्टर लेबर रूममध्ये होत्या. सिस्टरांनी तिला काही सांगणं शक्यच नव्हतं.

सांगायचं त्यांच्या मनात नक्की असणार. मनात इतकं पक्कं होतं की सांगून झालं असंच त्यांना वाटलं. असं आपल्या सगळ्यांचं होतं. पण ही गोष्ट मोठ्या सिस्टरांना जाऊन सांगायची कुणी?

चार दिवस मी ते रजिस्टर उघडलं आणि मिटलं. भीती सिस्टरांची होती, आणि थोडी लाजही होती. गयाबाईनं माझ्याकडं पाहिलं तेव्हा मी आठवायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता. पाचव्या दिवशी सिस्टर एका रिपोर्टसाठी खाली आल्या, तेव्हा काही न बोलता मी ते पान त्यांच्यापुढं केलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

त्यांनी ती ओळ वाचली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. मग त्याच बाकावर बसल्या. मला वाटलं होतं, त्या वाद घालतील. त्यांनी एवढंच विचारलं, की ती किती वेळ इथं बसली होती. मी सांगितलं. त्या उठून थेट मॅडमच्या खोलीत गेल्या.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी विचार केला तो दवाखान्याचा. बाळाचा फोड बरा झाला आहे, घरचे शांत झाले आहेत, आता तो विषय पुन्हा काढायला नको, असं त्या म्हणाल्या. गयाबाईला फोन करा, कामावर परत घ्या, का घेतलं ते कुणालाही सांगायची गरज नाही. सिस्टरांनी मान डोलावली. बाहेर येऊन त्यांनी मला सांगितलं, की मॅडमनी सांगितलंय. पण त्या दिवशी त्यांनी बाह्या वर सारल्या नाहीत.

गयाबाईला फोन मीच केला. ती म्हणाली, “तोंड लपवून गेले न्हाई, तोंड लपवून येणार बी न्हाई.” आणि फोन ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी घरी होतो. सिस्टरांचा फोन आला. मी चकित झालो, कारण रविवारी सकाळी त्या उपासनेला असत आणि चर्चमधून बाहेर आल्याशिवाय कुणाचा फोन घेत नसत. त्या म्हणाल्या, “लॅबवाले, गयाबाईचं गाव तुमच्याकडचं ना? मला नेता का?”

मी मोटारसायकल घेऊन गेलो तर त्या चर्चच्या फाटकाबाहेर उभ्या. आतून गाण्याचा आवाज येत होता. त्यांनी पांढरी साडी नेसली होती. नंतर रस्त्यात त्यांनी सांगितलं. त्या दिवशी प्रभुभोजन होतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घेताना माणसानं मन साफ ठेवून यायचं असतं. कुणाशी काही वाकडं असेल तर आधी ते नीट करून यायचं. इतकी वर्षं त्यांनी हे ऐकलं होतं आणि लोकांनाही ऐकवलं होतं. त्या दिवशी चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, भाकरी घेऊन समोर आले तेव्हा सिस्टरांचा हात पुढं होईना. त्या उठल्या आणि सगळ्यांच्या देखत बाहेर आल्या.

“मॅडमचं ऐकणं मला सोयीचं होतं,” त्या पाठीमागून म्हणाल्या. “मी आज्ञा पाळतेय असं स्वतःला सांगत होते, पण आज्ञा देवाची सोडून दुसऱ्याचीच पाळत होते.”

गयाबाई घरी नव्हती. तुरीच्या कापणीला गेली होती. गावातून शेतापर्यंत गाडी जात नव्हती, म्हणून आम्ही ढेकळं तुडवत चालत गेलो. पांढऱ्या साडीच्या काठाला काळी माती लागत होती. चार-पाच बायका वाकून तूर कापत होत्या. गयाबाईनं आम्हाला लांबूनच पाहिलं, पण विळा थांबवला नाही.

सिस्टर तिच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “गयाबाई, तुमचं खरं होतं. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. मी विसरले आणि दोष तुमच्यावर टाकला.” त्या आजवर तिला कायम अगं-तुगं करत आल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हणाल्या. मग त्या वाकायला लागल्या.

गयाबाई दोन पावलं मागं सरली. “पाया पडू नका. पाया पडलं की मला गप बसावं लागतंय.”

सिस्टर तशाच अर्ध्या वाकलेल्या राहिल्या.

“हितं तुरीत म्हणून राहिलात सिस्टर,” गयाबाई म्हणाली, “हितं कोण ऐकून राहिलंय? माझं नाव गेलं तिथं. त्या आजीपुढं, मॅडमपुढं, समद्यापुढं. म्हणायचं तर तिथंच म्हणा.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. सिस्टर हळूच सरळ झाल्या. मग विचारलं, “उद्या सोमवारी याल? बाळाला लस द्यायला त्याची आजी घेऊन येणार आहे.”

गयाबाईनं कापलेली तूर पेंढीवर टाकली. “हाव. येईन.”

परत येताना लोह्याच्या स्टँडजवळ आम्ही चहा घेतला. सिस्टर सांगू लागल्या. त्यांना वाटलं होतं, चर्चमधून उठून इतक्या लांब येणं म्हणजेच मोठं काम. आता कळलं, की ते काम अजून सुरूच झालं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, “मी आयुष्यभर सांगितलेलं ऐकलं हो लॅबवाले. पण वरून ऐकलं. खाली बसून कधी ऐकलं नाही.” मी चहाकडं पाहत राहिलो.

सोमवारी सकाळी सिस्टर आधी मॅडमच्या खोलीत गेल्या आणि आपण आज काय करणार आहोत ते सांगितलं. मॅडमनी विचारलं, मी नको म्हटलं तर? सिस्टर म्हणाल्या, की मग आज पहिल्यांदाच तुमचं ऐकणार नाही, आणि तुम्ही मला काढलंत तरी माझी तक्रार नाही. हे मला मॅडमनीच पुढं कधीतरी सांगितलं.

दहाच्या सुमाराला वॉर्डात सगळे होते. सकाळच्या नर्सा, दोन मावश्या, चार बाळंतिणी, त्यांची माणसं, आणि भोकरची आजी बाळाला घेऊन. गयाबाई दारात उभी. मीही वर गेलो होतो. सिस्टर त्या पाळण्यापाशी उभ्या राहिल्या. त्यांनी पाळण्याची कड धरली. आजीकडं पाहून त्यांनी सांगितलं, की तुमच्या नातवाच्या टाचेला जे झालं ते माझ्यामुळं झालं. पिशवी मी ठेवली, काढायचं सांगायला मी विसरले, आणि सांगितलं म्हणून खोटं बोलले. खोटं बोलतेय हे मला तेव्हा कळत नव्हतं, पण गयाबाई सांगत होती तेव्हा मी थांबून विचार केला असता तर कळलं असतं. मी विचार केला नाही, कारण ती मावशी होती आणि मी मोठी सिस्टर होते.

हे शेवटचं वाक्य ऐकून दोन्ही मावश्यांनी एकमेकींकडं पाहिलं.

मग त्या गयाबाईकडं वळल्या. “गयाबाई, मला माफ करा.”

आजीचा चेहरा आधी तांबडा झाला. वाटलं, आता ही सिस्टरांवर तुटून पडणार. पण तिला बहुधा आपलेच त्या दिवशीचे शब्द आठवले असावेत. ती उठली, दारापाशी गेली आणि म्हणाली, “घेतीस का गं लेकराला?”

गयाबाईनं पदराला हात पुसले, आणि बाळ घेतलं. तिनं सगळ्यात आधी दुपटं बाजूला करून त्याची टाच पाहिली. तिथं फिकट गुलाबी डाग राहिला होता. तिनं त्यावरून अंगठा फिरवला. बाळानं पाय आखडून घेतला आणि जांभई दिली. आजी हसली, मग गयाबाई हसली. तोवर सिस्टर पाळण्याची कड धरून तशाच उभ्या होत्या. गयाबाई त्यांच्याजवळून जाताना म्हणाली, “बसा सिस्टर. पाय थरथरून राहिलेत तुमचे.”

मॅडमनी सिस्टरांना कामावरून काढलं नाही, पण वॉर्डाच्या इनचार्जपदावरून काढलं. त्यांच्या जागी अश्विनी आली. ती त्यांच्याच हाताखाली शिकलेली, वयानं त्यांच्या निम्मी. सिस्टर रोज सकाळी तिच्यासमोर उभ्या राहून आपलं काम विचारून घेत. सुरुवातीला बिचाऱ्या अश्विनीलाच घाम फुटायचा.

हे सगळं सिस्टरांना सोपं गेलं, असं मी म्हणणार नाही. वॉर्डात चादर वाकडी दिसली की त्यांचा आवाज चढायचा आणि वाक्याच्या मध्येच थांबायचा. तोंड उघडंच राहायचं. मग त्या म्हणायच्या, “अश्विनी सिस्टर, तुम्ही पाहा.” एकदा लॅबमध्ये येऊन पाठमोऱ्या बसून रडल्या. माझ्याकडं एक सलाइनची रिकामी बाटली होती, ती मी उगाच तीनदा धुतली. निघताना त्या म्हणाल्या, की नम्र व्हायची प्रार्थना पुष्कळ वर्षं करत होते, आता मिळतंय तर तक्रार करते. आणि रडता रडता हसल्या.

गयाबाई कामावर परत आली, पण लगेच मोकळी झाली नाही. नेमून दिलेलं काम करायची, एवढंच. सिस्टरांनीही घाई केली नाही. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. उन्हाळ्यात एक दिवस मी वर गेलो तर दोघी पायरीवर बसलेल्या. गयाबाई बाळाची नाळ कशी साफ ठेवायची ते विचारत होती. तिच्या सुनेला दिवस गेले होते आणि गावात सांगणारं कुणी नव्हतं. सिस्टर सांगत होत्या, बाळ-बाळंतिणीला वेगळी स्वच्छ खोली द्यायची. मध्येच गयाबाई म्हणाली, असं न्हाई सिस्टर, आमच्या घरात जागाच न्हाई तेवढी, दुसरं सांगा. सिस्टर विचार करू लागल्या, आणि दुसरं सांगितलं. त्या सुनेचं बाळंतपण आमच्याकडंच झालं, सिस्टरांच्या हातानं. मुलगी झाली. आधी त्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या, तेव्हा गयाबाईही दारात हात जोडून उभी होती. ती कुणाला हात जोडत होती ते मी विचारलं नाही.

दोन वर्षांनी सिस्टरांनी काम सोडलं. निलंग्याजवळच्या गावी त्यांच्या बहिणीकडं राहायला गेल्या. निरोपाला भाषणं झाली. मॅडमनी सांगितलं, की त्या सोमवारी मला फार राग आला होता. त्यानंतर दवाखान्यात चूक झाली की माणसं माझ्याकडं येऊन आपणहून सांगायला लागली, हे माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. सिस्टर मान खाली घालून ऐकत होत्या. आता वॉर्डात शिरलं की क्षणभर चुकल्यासारखं होतं. शर्टाचं वरचं बटण मी अलीकडं उघडंच ठेवतो.

गेल्या महिन्यात भाचीच्या कॉलेजच्या कामासाठी लातूरला गेलो होतो. दुपारी काम संपलं म्हणून पुढं त्यांच्या गावी जाऊन आलो. घर विचारत गेलो तर बहीण म्हणाली, समाजमंदिरात गेलीय. तिथं गरोदर बायकांना तपासायचा दिवस होता. गावातली आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका, विशीतली पोरगी, ब्लड प्रेशर कसं मोजायचं ते चार-पाच बायकांना समजावत होती. नुकतंच प्रशिक्षण घेऊन आली असावी, कारण अगदी छापील बोलत होती. त्या बायकांमध्ये सतरंजीवर मोठ्या सिस्टर बसल्या होत्या. पोरीनं त्यांच्याच दंडाला पट्टा बांधला होता, आणि चुकीचा बांधला होता. लांबून मलाही दिसत होतं.

सिस्टरांनी तिचं सगळं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग हळूच विचारलं, “ताई, हा पट्टा जरा दोन बोटं वर घेतला तर चालेल का?”

पोरीनं थोडा विचार केला. “चालेल की आजी,” ती म्हणाली, आणि पट्टा वर घेऊन पुन्हा बांधायला लागली. सिस्टरांनी हात सैल सोडला, तिला नीट बांधता यावा म्हणून.